पावसाळी सायकलस्वाराचा पेहराव
पुण्यात भर पावसात सायकलने कामावर जाणाऱ्याला पाऊस जितका भिजवतो तितकाच घामही भिजवतो. कारण प्लास्टिकचा साधा रेनकोट बाहेरचे थेंब अडवतो, तशी अंगातून निघणारी वाफही आतच कोंडतो. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉन झटक्याने ताणून त्याला सच्छिद्र रूप दिले, आणि त्यातून पुढे ‘श्वास घेणारे’, म्हणजे पाणी अडवून बाष्प बाहेर सोडणारे कापड तयार झाले. परंतु बाष्प बाहेर पडण्यासाठी बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असावी लागते, आणि श्रावणातल्या दमट, उबदार हवेत हा फरक फार थोडा उरत असल्याने थंड देशांत गाजलेल्या या कापडाची मातब्बरी येथे बेताचीच ठरते. त्यापेक्षा काखेखाली व पाठीवर वारा खेळवणाऱ्या फटी असलेले, गडद नव्हे तर भडक रंगाचे जाकीट अधिक उपयोगी. आत सुती सदरा टाळावा, कारण कापूस पाणी धरून ठेवतो. पॉलिएस्टर ते फारसे शोषत नाही, म्हणून लवकर वाळते, मात्र त्याला घामाचा वासही लवकर लागतो. पोंचो वाऱ्याने फुगतो, सैल पायजमा साखळीत अडकतो. अर्धी चड्डी बरी, कारण उघडे पाय पुसताच कोरडे होतात. कचेरीचे कपडे अर्थात प्लास्टिकच्या पिशवीत.