चाळीस दप्तरांचं एक चित्र

बालमित्रांनो, आजचा लेख गणिताचा आहे. थांबा, थांबा! लगेच पान उलटू नका. आधी एक काम करा. तुमचं दप्तर उचलून पाहा. किती किलोचं असेल? दोन? तीन? की त्याहून जास्त? अंदाज कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. लेख संपला की खरं वजन करून ताडून पाहायचं आहे.

मी पाचवीला शिकवते. माझ्या वर्गात चाळीस मुलं. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त नसावं, असं २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात सांगितलं आहे. म्हणजे मूल तीस किलोचं असेल, तर दप्तर तीन किलोच्या आत हवं. आमच्या वर्गात काय परिस्थिती आहे ते बघू, असं एके दिवशी ठरवलं. रद्दीवाल्या काकांकडून ताणकाटा मागून आणला, खिडकीच्या गजाला टांगला आणि एकेक दप्तर अडकवून मुलांनीच वजनं लिहिली.

चाळीस वजनांची बेरीज आली ११० किलो. भागिले चाळीस. सरासरी आली २.७५ किलो, म्हणजे पावणेतीन. तीनच्या आत! मी खुशीत फळ्यावर लिहिलं : ‘आपल्या वर्गाची दप्तरं ठीक आहेत.’

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी ती फारशी बोलत नाही. म्हणाली, “बाई, सगळं ठीक आहे, तर माझ्या खांद्यावर वळ का उठतात?”

मी गप्पच झाले. गणित तर बरोबर होतं. वळही खरे होते. मग चुकलं कुठं?

चूक होती ती चाळीस दप्तरांना एकाच आकड्यात कोंबण्याची. एकाचं दप्तर दीड किलोचं आणि दुसऱ्याचं चार किलोचं असेल, तरी दोघांची सरासरी पावणेतीनच येते. दीडवाल्याचं हलकेपण चारवाल्याच्या पाठीला काही उपयोगाचं नाही! म्हणून आम्ही सरासरी बाजूला ठेवली आणि चाळीस दप्तरांचं चित्र काढायला बसलो. या चित्राला म्हणतात ‘आयतालेख’, इंग्रजीत ‘हिस्टोग्राम’. हे इंग्रजी नाव रूढ केलं कार्ल पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञानं, १८९० च्या दशकात. तुम्हाला हा धडा मोठ्या वर्गात भेटेल. पण पाचवीच्या मुलांना तो काढता येतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

पहिली पायरी : गट पाडायचे

१.४, २.६, ४.३, २.१... अशी चाळीस वजनं नुसती वाचून काहीच कळत नाही. म्हणून त्यांचे गट करायचे. गणिताच्या भाषेत त्यांना ‘वर्ग’ म्हणतात. (आपण बसतो तो वर्ग वेगळा बरं का!) आम्ही एकेक किलोचे पाच वर्ग पाडले : १ ते २, २ ते ३, ३ ते ४, ४ ते ५ आणि ५ ते ६.

लगेच प्रश्न आला, “बाई, बरोबर ३ किलोचं दप्तर कुठं घालायचं? २ ते ३ मध्ये की ३ ते ४ मध्ये?” प्रश्न एकदम बिनतोड! याचा नियम असा : वरच्या टोकाचा आकडा त्या वर्गात मोजायचा नाही, तो पुढच्या वर्गात मोजायचा. म्हणजे ३ किलोचं दप्तर ‘३ ते ४’ मध्ये गेलं. नियम कायम एकच ठेवला, की एकही दप्तर दोनदा मोजलं जात नाही आणि एकही सुटत नाही.

दुसरी पायरी : ताळ्याच्या खुणा

एकानं वजन वाचायचं, दुसऱ्यानं त्या वर्गासमोर उभी रेघ मारायची. चार रेघा झाल्या, की पाचवी त्यांच्यावर आडवी. म्हणजे शेवटी पाच, दहा, पंधरा असं पटपट मोजता येतं. आमची सारणी अशी झाली :

१ ते २ किलो : ९ दप्तरं
२ ते ३ किलो : २० दप्तरं
३ ते ४ किलो : ३ दप्तरं
४ ते ५ किलो : ७ दप्तरं
५ ते ६ किलो : १ दप्तर

एकूण ४०. बेरीज जुळली का, हे आधी पाहायचं आणि मगच पुढं जायचं. एका वर्गात किती दप्तरं आली, त्या संख्येला त्या वर्गाची ‘वारंवारता’ म्हणतात.

तिसरी पायरी : आलेख कागद

आडव्या रेषेवर, म्हणजे क्ष-अक्षावर, किलो लिहायचे. आम्ही प्रमाण घेतलं २ सेंटिमीटर = १ किलो. उभ्या य-अक्षावर दप्तरांची संख्या, १ सेंटिमीटर = २ दप्तरं. आता प्रत्येक वर्गावर एक आयत उभा करायचा. ९ दप्तरांचा आयत साडेचार सेंटिमीटर उंच, २० चा दहा, ३ चा दीड, ७ चा साडेतीन आणि एकाचा अर्धा सेंटिमीटर. आयत एकमेकांना अगदी चिकटून हवेत. मध्ये फट ठेवायची नाही.

फट का नाही? तुम्ही स्तंभालेख काढले असतील. आंबा आवडणारी मुलं किती, पेरू आवडणारी किती. तिथं दोन स्तंभांत जागा सोडतात, कारण आंबा आणि पेरू यांच्या मध्ये काही नसतं. वजनाचं तसं नाही. २ किलो संपले की लगेच पुढचे ग्रॅम सुरू. संख्यारेषा सलग, म्हणून आयतही सलग.

कधी कधी वर्ग असे दिलेले असतात : १ ते १०, ११ ते २०, २१ ते ३०. परीक्षेच्या गुणांचे असतात ना, तसे. इथं १० आणि ११ च्या मध्ये एकाची फट आहे. ती अर्धी अर्धी वाटून द्यायची. प्रत्येक वर्गाच्या खालच्या टोकातून अर्धा वजा, वरच्या टोकात अर्धा मिळवा. झाले वर्ग सलग : ०.५ ते १०.५, १०.५ ते २०.५, २०.५ ते ३०.५.

चित्र काय म्हणालं?

आमचा आयतालेख फळ्याशेजारी लागला आणि वर्ग एकदम शांत झाला. चित्रात एक मोठा डोंगर होता, दोन ते तीन किलोंवर. त्यापुढं खोल दरी. आणि दरीपलीकडे आणखी एक छोटा डोंगर, चार ते पाचवर! सरासरी सांगत होती, ‘सगळं ठीक.’ चित्र सांगत होतं, ‘इथं दोन वेगळ्या टोळ्या आहेत. पलीकडच्या टोळीला काहीतरी होतंय.’

चारच्या पुढच्या त्या आठ मुलांना मी जवळ बोलावलं. पाच जण शाळेतून थेट शिकवणीला जात होते. त्यामुळे शाळेची आणि शिकवणीची, दोन्हीकडची वह्यापुस्तकं एकाच दप्तरात. दोघांनी वेळापत्रक उतरवूनच घेतलं नव्हतं. पुस्तक विसरलं तर बाई रागावतील, म्हणून रोज सगळीच पुस्तकं आणायची. (हे ऐकून बाईंनाच लाजल्यासारखं झालं.) आणि आठवी ती वळ उठणारी मुलगी. तिचं दप्तर ५.२ किलोचं, आणि तिचं स्वतःचं वजन २६ किलो. म्हणजे स्वतःच्या वजनाचा पाचवा भाग ती पाठीवर वाहत होती! दप्तर उघडलं, तर आत पहिलीतल्या धाकट्या भावाची पुस्तकं आणि त्याची पाण्याची बाटलीसुद्धा. म्हणाली, “तो लहान आहे ना बाई, त्याला ओझं होतं.”

आता सांगा, पावणेतीन या आकड्यात ही मुलगी कुठं दिसत होती?

वर्ग चुकले, की चित्र चुकतं

पण सावध राहा हं! आयतालेखही फसवू शकतो. आमच्यातल्या एकानं वर्ग पाडले दोनच : ० ते ३ आणि ३ ते ६. आयत आले २९ चा आणि ११ चा. दुसरा डोंगर गायब! दुसऱ्यानं शंभर शंभर ग्रॅमचे वर्ग पाडले, तर चित्र झालं दात पडलेल्या कंगव्यासारखं. गट फार मोठे नकोत, फार बारीकही नकोत. दोनतीन प्रकारे पाडून पाहावेत.

तिसरी गंमत याहून भारी. एकीनं शेवटचे दोन वर्ग जोडून ‘४ ते ६’ असा एकच वर्ग केला. ७ आणि १ मिळून ८. म्हणून तिनं ८ दप्तरांएवढा, चार सेंटिमीटर उंच आयत काढला. आता तिच्या आयताचं क्षेत्रफळ काढा. रुंदी ४, उंची ४, म्हणजे १६ चौरस सेंटिमीटर. आधीच्या दोन आयतांचं मिळून होतं फक्त ८. दप्तरं तेवढीच, पण चित्रात दिसू लागली दुप्पट!

यात आयतालेखाचं गुपित आहे. आमच्या प्रमाणात एका दप्तराला बरोबर एक चौरस सेंटिमीटर जागा मिळते. चाळीस दप्तरं, चाळीस चौरस सेंटिमीटर. आयतालेखात संख्या उंचीनं नाही, क्षेत्रफळानं दाखवायची असते. सगळे वर्ग सारखे रुंद असले, तर नुसती उंची पाहून चालतं. पण एखादा वर्ग दुप्पट रुंद केला, तर त्याची उंची निम्मी करायची. म्हणजे ४ ते ६ चा आयत चार नव्हे, दोन सेंटिमीटर उंच.

उंची चोरणारे सैनिक

वर्गात मागं एक जुनं कपाट होतं. शिकवणीवाल्यांना शाळेची पुस्तकं त्यात ठेवायला सांगितली. वेळापत्रक दारावर लावलं. भावाचं दप्तर भावाच्याच पाठीवर गेलं. मग मी जाहीर केलं, “येत्या सोमवारी पुन्हा वजन!”

सोमवारी ४० पैकी ३९ दप्तरं तीन किलोच्या आत! मुलं टाळ्या वाजवायला लागली. मी मात्र यावेळी अर्ध्या अर्ध्या किलोचे वर्ग पाडले, आणि २.५ ते ३ या एकाच वर्गात तब्बल २२ दप्तरं निघाली. मर्यादेच्या अगदी अलीकडे एवढी गर्दी? मी बाकांखाली डोकावले. तिथं पुस्तकांचे गठ्ठेच गठ्ठे! वजनापुरती काढून ठेवलेली.

मला हसू आलं, कारण अशीच चोरी पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका संख्याशास्त्रज्ञानं पकडली होती. बेल्जियमच्या आडॉल्फ केटले यांनी १८४४ च्या सुमारास फ्रान्सच्या सैन्यभरतीतल्या एक लाख तरुणांच्या उंचीचे आकडे तपासले. उंची १.५७ मीटरपेक्षा कमी असेल, तर भरतीतून सुटका मिळे. उंचींच्या नेहमीच्या डोंगराप्रमाणे हिशेब केला, तर असे बुटके निघायला हवे होते सुमारे २६ हजार. प्रत्यक्ष नोंद होती २८ हजारांहून जास्त! आणि १.५७ च्या जरा वरच्या वर्गांत तेवढीच माणसं कमी पडत होती. म्हणजे दोन हजारांवर तरुण कागदावर ‘बुटके’ झाले होते. केटले यांनी कुणाला प्रत्यक्ष मोजलं नव्हतं. चित्राचा आकार कुठं मोडतो, एवढंच त्यांनी पाहिलं.

ही गोष्ट मुलांना सांगितली, तेव्हा बाकाखालचे हात हळूच पुस्तकं आत ठेवायला लागले! तिसरं वजन मी न सांगता केलं. यावेळी तीनच्या वर आठ दप्तरं होती, पण चारच्या वर फक्त दोन, आणि पाचच्या वर एकही नाही. सगळं सुटलं असं नाही. पण दुसरा डोंगर खचला होता, आणि हे चित्र खरं होतं.

पालकहो, तुमच्यासाठीही दोन शब्द. ‘वर्गाची सरासरी किती?’ आणि ‘माझ्या मुलाचा नंबर कितवा?’ हे दोनच प्रश्न आपण नेहमी विचारतो. एकदा वर्गाचा आयतालेख मागून पाहा. आपलं मूल कुठं उभं आहे ते कळेलच, आणि दरीपलीकडे कोण एकटं उभं आहे, तेही दिसेल. आणि हो, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. शाळेत पिण्याच्या पाण्याची चांगली सोय असेल, तर बाटली लहान चालेल.

मित्रांनो, २९ जून हा आपला राष्ट्रीय सांख्यिकी दिन. प्रशांतचंद्र महालनोबिस या थोर संख्याशास्त्रज्ञांचा तो जन्मदिवस. शाळा नुकतीच सुरू झालेली असते, दप्तरं नवी कोरी असतात. त्या दिवशी तुमच्या वर्गाचा आयतालेख काढा. फक्त वजनाची तारीख आधी कुणाला सांगू नका!

आणि कोपऱ्यात लिहिलेला तो अंदाज? चला, काढा ताणकाटा!