मंत्रचळ आणि बंद केलेला नळ

मंत्र म्हणताना उच्चार चुकला किंवा विधीत खोट राहिली, तर म्हणणाऱ्याच्या डोक्यावर परिणाम होतो, अशी जुनी समजूत होती. ‘मंत्रचळ’ हा शब्द त्यातून आला. पुढे तो पुनःपुन्हा हात धुणाऱ्या, दहादा कुलूप ओढून पाहणाऱ्या, न संपणारे सोवळे पाळणाऱ्या माणसाला चिकटला. आज डॉक्टर त्याला ‘ओसीडी’ म्हणतात आणि तरुण मंडळी कपाट नीट लावण्याच्या हौसेलाही तेच नाव थट्टेने देतात. मला जुना शब्द अधिक नेमका वाटतो. काहीतरी चुकले असेल ही शंका, आणि ती फेडण्यासाठी तीच कृती पुन्हा, हे आजाराचे मर्म त्यात आहे. एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच वैद्यही याला ‘संशयाचे वेड’ म्हणत. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात सुमारे ०.८ टक्के प्रौढांना हा आजार आहे.

मी मानसशास्त्राचा पदवीधर नाही. जुने शोधनिबंध मिळवून वाचणे एवढाच माझा अधिकार. त्या वाचनात या आजारावरच्या उपचाराची जी कथा हाती लागली, ती मराठीत फारशी सांगितली जात नाही. जी सांगितली जाते, ती अर्धीच असते.

अर्धी कथा अशी, की ज्याची भीती वाटते त्याला सामोरे जा. हे शहाणपण जुने आहे. जर्मन कवी गटे स्ट्रासबर्गला विद्यार्थी होता तेव्हा त्याला उंचीची भीती वाटे. तिथल्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर पुनःपुन्हा चढून त्याने ती घालवली, असे तो आत्मचरित्रात सांगतो. उंचीच्या भीतीला हे पुरते. मंत्रचळाला पुरत नाही, कारण हा रुग्ण तर दिवसभर भीतीला सामोराच जात असतो. दाराची कडी, नोटा, शेजाऱ्याची चप्पल, सगळ्याला त्याचा हात लागतो. फक्त प्रत्येक वेळी तो नळाकडे धावतो.

हे कोडे सुटण्याची वाट प्राण्यांवरच्या प्रयोगांतून निघाली. रिचर्ड सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी १९५३ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कुत्र्यांना दोन कप्प्यांच्या पेटीत ठेवले होते. इशारा झाला की थोड्या वेळाने एका कप्प्यात विजेचा झटका बसे. कुत्री मधला अडसर ओलांडून पलीकडे उडी मारायला शिकली. पुढे वीज बंद केली, तरी उड्या थांबेनात. थांबतील कशा? झटका बसत नाही हे कळायला तिथे थांबावे लागते, आणि कुत्रे तर आधीच पलीकडे गेलेले असते. मग मध्ये काच लावून उडीची वाटच अडवून पाहिली गेली.

लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात व्हिक्टर मायर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. अशा प्रयोगांवरून त्यांनी ताडले, की रुग्णाचे हात धुणे म्हणजे त्या कुत्र्याची उडीच आहे. १९६६ साली त्यांनी दोन रुग्णांची हकिगत छापली. एकीला धुण्याच्या विधींनी ग्रासले होते. तिला वॉर्डात ठेवून परिचारिकांनी सतत सोबत केली, खोलीतले पाणी बंद केले आणि साबणही मोजून दिला. ज्या वस्तूंना ती भीत होती, त्या तिला हाताळायला लावल्या. दुसऱ्या रुग्णाच्या मनात ईश्वरनिंदेचे विचार येत. ते दडपण्याऐवजी मुद्दाम मनात आणायला सांगितले. दोघीही सुधारल्या. १९७४ सालापर्यंत मायर आणि सहकाऱ्यांकडे अशा १५ रुग्णांचा अनुभव जमला होता. त्यांपैकी १० जण लक्षणमुक्त झाले होते किंवा त्यांच्यात मोठी सुधारणा होती. तोवर हा आजार जवळजवळ असाध्य समजला जाई, हे लक्षात घेतले की या छोट्या आकड्याचे वजन कळते.

लंडनमध्येच, मॉड्सले रुग्णालयाच्या परिसरात, स्टॅन्ली रॅकमन आणि त्यांचे सहकारी याच प्रश्नाकडे घड्याळ लावून पाहत होते. रुग्णाला ‘घाण’ वस्तूला हात लावायला सांगायचे. लगेच धुतले तर अस्वस्थता झटकन उतरते. हीच ती सुटका, आणि आजार तिच्यावरच पोसला जातो. न धुता बसले तर? १९७६च्या निबंधात उत्तर आहे: अस्वस्थता आणि धुण्याची ओढ दोन्ही आपोआप ओसरतात, आणि बराचसा उतार पहिल्या तासाभरातच पडतो. रुग्णाला मात्र वाटत असते, की धुतले नाही तर ही तगमग जन्मभर टिकेल. त्याने तो तास कधी पाहिलेलाच नसतो.

या उपचाराला ‘एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन’ म्हणतात, म्हणजे सामोरे जाणे आणि मग नेहमीची कृती न करणे. आता पाणी कोणी बंद करत नाही. रुग्ण आपल्या भीतींची शून्य ते शंभर अशी चढण मांडतो आणि स्वतःच्या संमतीने पायरी पायरी चढतो. गॅसचे बटण वीसदा तपासणारा गृहस्थ आधी चहा करून, बटण एकदाच बंद करून, मागे न पाहता स्वयंपाकघरातून बाहेर येतो. काही आठवड्यांनी तोच शेवटचा बाहेर पडून कुलूप लावतो आणि बाजारात जातो. वाटेत बायकोला फोन करून ‘बंद केला होता ना?’ असे विचारायचे नाही. विचारले, तर ती तपासणीच झाली.

एडना फोआ यांच्या गटाने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत १२२ प्रौढ रुग्ण होते आणि उपचार १२ आठवड्यांचा होता. हा उपचार ज्यांच्या वाट्याला आला त्यांपैकी ६२ टक्क्यांना गुण आला. क्लोमिप्रामिन या औषधाने ४२, दोन्ही मिळून ७० आणि खोट्या गोळीने ८ टक्क्यांना. उपचार पूर्ण करणाऱ्यांपुरते पाहिले तर ६२चे ८६ होतात. मला हा फरकच बोलका वाटतो. उपचार कठीण आहे, आणि लोक तो मध्येच सोडतात.

भीती ओसरते म्हणून माणूस बरा होतो, असे बराच काळ मानले गेले. अलीकडे मिशेल क्रास्क यांनी वेगळा जोर दिला: भीती त्या बैठकीत उतरली की नाही, याला फार महत्त्व नाही. ‘असे केले तर असे होईल’ ही अपेक्षा खोटी ठरणे महत्त्वाचे. गंमत म्हणजे मायर यांच्या १९६६च्या निबंधाच्या शीर्षकातच ‘अपेक्षांमध्ये बदल’ हे शब्द आहेत.

सगळेच विधी डोळ्यांना दिसत नाहीत. नव्या आईच्या मनात बाळाला आपल्याच हातून इजा होईल असा विचार येतो, ती हादरते आणि मनातल्या मनात नामजप करून तो पुसते. रॅकमन आणि श्रीलंकेचे पद्मल डी सिल्वा यांनी १९७८ साली दाखवून दिले, की असले नकोसे विचार निरोगी माणसांनाही येतात, आणि आशय जवळपास तोच असतो. निरोगी माणूस विचार झटकून पुढे जातो. इथे जप थांबवणे हाच नळ बंद करणे. जपाला थांबवा म्हणणे आपल्याकडे किती अवघड आहे, हे वेगळे सांगायला नको.

सोवळ्याने माणसामाणसांत ज्या भिंती घातल्या, त्यांचा हिशेब मोठा आहे. तो या लेखात मावणार नाही. पण सोवळ्याला शेवट तरी असतो. स्नान होते, पूजा होते, नैवेद्य होतो आणि सोवळे सोडले जाते. मंत्रचळ झालेल्या बाईचे सोवळे सुटत नाही. तरी घर म्हणते, ‘आमची आई फार शिस्तीची.’ दिवाळीच्या साफसफाईत तर तिचे कौतुकच होते. मुले बाहेरून आल्यावर दारातच कपडे बदलतात, नवरा तिसऱ्यांदा हात धुतो, सून ‘हो आई, स्वच्छ आहे’ असे दिवसातून तीसदा सांगते. हे सगळे प्रेमापोटी होते, आणि प्रत्येक ‘हो’ने तिला तीच क्षणभराची सुटका मिळते. ‘हो’ थांबले पाहिजे. मात्र एका रात्रीत, रागाने, तिला न विचारता ते थांबवणे म्हणजे क्रूरपणा. मायर यांच्या वॉर्डात सतत माणसे सोबतीला होती, हे विसरू नये. कोणत्या आठवड्यापासून कोणत्या प्रश्नाला उत्तर द्यायचे नाही, हे तिने, घरच्यांनी आणि मानसशास्त्रज्ञाने एकत्र बसून ठरवायचे असते. आणि ‘याचे उत्तर मी देणार नाही, पण तुमच्याजवळ बसते’ असे म्हणता येते.

बंगळूरच्या निम्हान्ससारख्या संस्थेत या आजारासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. आपल्या तालुक्याच्या गावी गोळी मिळते, पण हा उपचार जाणणारा माणूस विरळा. गोळीने अनेकांना खरोखर गुण येतो, ती सोडायला मी सांगत नाही. पण समुपदेशकाकडे जाल, तेव्हा पहिल्याच भेटीत एवढे विचारून घ्या: या उपचारात मला काय करायचे थांबवावे लागेल?