निळा पडदा का येतो?

काम ऐन रंगात आलेलं असताना लॅपटॉप निळा पडला की पोटात गोळा येतो. पण विंडोज तेव्हा मुद्दाम थांबलेली असते. तिच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, चूक झाल्यावर तसंच पुढे रेटलं तर फायली बिघडू शकतात. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख संगणक असेच बंद पडले होते.

पडद्यावरच्या स्टॉप कोडचा लगेच मोबाइलवर फोटो काढा. दर वेळी एकच कोड येत असेल, तर बहुधा ड्रायव्हरची, म्हणजे संगणकाचा एखादा भाग चालवणाऱ्या प्रोग्रामची, भानगड. नुकताच बदललेला ड्रायव्हर आधी मागे फिरवा. कोड सारखा बदलत असेल, तर माझा पहिला संशय रॅमवर. रात्री विंडोजची मेमरी चाचणी लावा. तीत काही सापडलं नाही तरी रॅमला निर्दोष ठरवू नका. दोन पट्ट्या असतील, तर एकेक काढून दोन-दोन दिवस वापरून बघा. मात्र त्याआधी बॅकअप घ्याच.