कीबोर्डच्या पोटात : लेखांक ७ – न शिवता कळणारे बटण

कपॅसिटिव्ह स्विचमध्ये विजेचे दोन भाग एकमेकांना कधीच शिवत नाहीत. बटण तळापर्यंत दाबले तरी मध्ये इन्सुलेशनचा पातळ थर उरतोच. मागच्या लेखांकातल्या, चेरी कंपनीच्या एमएक्स स्विचमध्ये पत्तीला पत्ती टेकते आणि प्रवाह सुरू होतो. इथे ती वाट कायमची तोडलेली असते. तरीही बटण दाबल्याचे संगणकाला समजते, कारण दोन वाहकांमधले अंतर बदलले की त्यांच्यावर साठू शकणारा विद्युतभार बदलतो. साठवण्याच्या या क्षमतेला धारिता म्हणतात.

धारिता तीन गोष्टींवर ठरते: समोरासमोर असलेल्या पृष्ठभागांचे क्षेत्रफळ, त्यांच्यातले अंतर आणि मधला पदार्थ. क्षेत्रफळ वाढले की धारिता वाढते, अंतर वाढले की घटते. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या यंत्रांनी वापरून घेतल्या आहेत. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत स्टेशन लावताना फिरणारा गँग कंडेन्सर क्षेत्रफळ बदलतो. अर्धगोल पत्र्यांचा एक जुडगा दुसऱ्यात शिरतो तितकी धारिता वाढते. कीबोर्ड अंतर बदलतो. मधला पदार्थ बदलणारी यंत्रेही आहेत, त्यांच्याकडे थोड्या वेळाने वळू.

आकडे पाहिले की काम किती नाजूक आहे ते कळते. एक चौरस सेंटिमीटरचे दोन सपाट पत्रे हवेत चार मिलिमीटर अंतरावर धरले तर धारिता साधारण ०.२२ पिकोफॅरड भरते. एक मिलिमीटरवर ती ०.८९ होते, एक दशांश मिलिमीटरवर ८.९. पिकोफॅरड म्हणजे एका फॅरडचा एक लाख कोटीवा भाग. माणसाच्या शरीराची जमिनीच्या सापेक्ष धारिताच शंभर पिकोफॅरडच्या आसपास असते. म्हणजे स्विचमधला बदल त्यावर टेकलेल्या माणसापुढे अगदी क्षुल्लक आहे, आणि तरी तो चोख ओळखायचा असतो. बटणाची प्लास्टिकची टोपी बोटाला दूर ठेवते, आयबीएमसारख्या रचनांत जमिनीला जोडलेला धातूचा पत्राही आड येतो, म्हणून हे जमते.

हे आकडे आणखी एक गोष्ट सांगतात. पहिल्या तीन मिलिमीटरच्या प्रवासात धारिता जेमतेम ०.७ ने वाढली, आणि शेवटच्या एका मिलिमीटरपेक्षाही कमी प्रवासात आठने. सपाट पत्र्यांचा स्विच बहुतेक प्रवासभर जवळजवळ गप्प असतो आणि तळाशी एकदम बोलतो. टायपिस्टला मात्र मध्येच, दोन मिलिमीटरच्या सुमारास नोंद हवी असते. ही अडचण सोडवण्यातच या स्विचचा खरा इतिहास आहे.

आयबीएमने सत्तरच्या दशकात टर्मिनलसाठी बनवलेल्या बीम स्प्रिंग कीबोर्डमध्ये उत्तर उलटे शोधले होते. तिथे न दाबलेल्या अवस्थेत छोटी पट्टी सर्किट बोर्डवरच्या पॅडवर बसलेली असते आणि दाबल्यावर झटक्याने वर उचलली जाते. धारिता घटली की बटण दाबले असे समजायचे. पुढे रिचर्ड हॅरिस यांना १९७८ मध्ये ज्या रचनेचे पेटंट मिळाले, तिच्यात बटणाखालची स्प्रिंग ठरावीक बिंदूला बाजूला वाकते आणि तळाशी असलेली कार्बनमिश्रित प्लास्टिकची पट्टी फटकन पॅडवर पाडते. अंतर हळूहळू बदलत नाही, उडी मारते. बोटाला बसणारा झटका आणि विजेचा बदल एकाच क्षणी होतात. हीच रचना मॉडेल एफमध्ये आली आणि ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम पीसीबरोबर विकली गेली. आयबीएमने १९७८ मध्येच भारतातला कारभार गुंडाळला होता, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत पीसी पोचले ते मुख्यतः देशी कंपन्यांचे, त्यांच्या आपापल्या कीबोर्डसह. १९८५ च्या मॉडेल एममध्ये स्प्रिंग तशीच राहिली, पण खाली स्वस्त मेम्ब्रेन आली. म्हणजे पुन्हा टेकणारा संपर्क. दोन्हींचा आवाज सारखा असल्याने अनेकजण त्यांना एकच समजतात, पण विजेच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या जाती आहेत.

की ट्रॉनिक कंपनीने स्वस्तातला मार्ग काढला: फोमचा तुकडा आणि त्याखाली धातूचा मुलामा दिलेली प्लास्टिकची चकती. ॲपलच्या लिसा संगणकाचा कीबोर्ड याच जातीचा. फोम काही दशकांत भुगा होतो, म्हणून आज अशा कीबोर्डची दुरुस्ती म्हणजे सगळ्या चकत्या बदलणे.

सर्वांत देखणे उत्तर जपानच्या टोप्रे कंपनीचे. मोटारींचे पत्र्याचे भाग आणि शीतवाहनांच्या पेट्या बनवणारी ही कंपनी. तिचा रिअलफोर्स कीबोर्ड २००१ चा. पीएफयू कंपनीच्या हॅपी हॅकिंग कीबोर्डच्या प्रोफेशनल आवृत्तीत २००३ पासून हाच स्विच आहे. यात सर्किट बोर्डवर प्रत्येक बटणाखाली दोन पॅड असतात, एक पाठवणारा, एक घेणारा. त्यांच्यावर वरच्या बाजूला निमुळती होत जाणारी शंकूच्या आकाराची स्प्रिंग उभी असते आणि तिच्यावर रबरी घुमट. स्प्रिंगला कोणतीही तार जोडलेली नसते. बटण दाबले की शंकूचे वेढे एकेक करून खाली बसत जातात, पॅडवर पसरतात आणि दोन पॅडमधला दुवा घट्ट होत जातो. सपाट पत्र्याची अडचण इथेच सुटते: वेढे टप्प्याटप्प्याने जवळ येत असल्यामुळे प्रवासाच्या मधल्या भागातही धारिता पुरेशी बदलते. बोटाला लागणारा जोर मात्र मुख्यतः रबराचा असतो, शंकूचा नव्हे. ४५ ग्रॅम आणि ३० ग्रॅम असे जे आकडे या स्विचबद्दल सांगितले जातात ते घुमटाचे आकडे आहेत.

रबरी घुमट दिसला की हा कीबोर्ड म्हणजे महागडी मेम्ब्रेनच, असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि याला मेकॅनिकल म्हणावे का यावर वाद झडतात. त्या वादातून हाती काही लागत नाही. बोटाला काय जाणवते ते रबर ठरवते. बटण दाबले गेले की नाही ते धारिता ठरवते. मेम्ब्रेनमध्ये शाईचे दोन ठिपके एकमेकांना टेकावे लागतात, इथे काहीच टेकत नाही. फरक इतका मूलभूत आहे.

आता तो फरक सर्किटमध्ये काय घडवतो ते पाहू. पाठवणाऱ्या पॅडला पाच व्होल्टचा क्षणिक ठोका दिला आणि दुवा एक पिकोफॅरडचा असला, तर पलीकडे पाच पिकोकुलोम भार सरकतो. ते सुमारे तीन कोटी इलेक्ट्रॉन झाले. आकडा मोठा वाटला तरी मोजमापाच्या जगात ही कुजबुज आहे. ती ॲम्प्लिफायरने वाढवायची आणि ठरलेल्या मर्यादेशी ताडून पाहायची. मर्यादा ओलांडली तर बटण दाबले. शंभर बटणे एक मिलिसेकंदात वाचायची म्हटली तर प्रत्येकाच्या वाट्याला दहा मायक्रोसेकंद येतात.

संपर्काच्या स्विचमध्ये पत्त्या टेकताना काही वेळा उसळतात, आणि चेरीने एमएक्ससाठी हा थरथरीचा काळ पाच मिलिसेकंदांपेक्षा कमी सांगितला आहे. सर्किटला तेवढा वेळ थांबून खात्री करावी लागते. धारितेत उसळी नसते. फक्त मर्यादेच्या काठावर बोट थरथरले तर आकडा खालीवर होतो, म्हणून दोन मर्यादा ठेवतात: दाबण्याची थोडी वर, सोडण्याची थोडी खाली. मर्यादा हा फक्त एक आकडा असल्याने तो हवा तसा सरकवता येतो. रिअलफोर्सच्या काही मॉडेलांत नोंदीची खोली १.५, २.२ किंवा ३ मिलिमीटर यांतून प्रत्येक बटणासाठी निवडता येते. पत्तीच्या स्विचमध्ये यासाठी पत्ती बदलावी लागली असती.

दुसरा फायदा अनेक बटणे एकदम दाबल्यावर दिसतो. टायपिंगच्या क्लासमध्ये रेमिंग्टन मांडणीची सवय जास्त आहे, पण उदाहरणाला इन्स्क्रिप्ट सोयीची. ही मांडणी १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात आहे आणि पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट विभागाने ती संगणकांवर रुजवली. तिच्यात बहुतेक व्यंजने उजव्या हाताला, स्वर आणि हलन्त डाव्या हाताला. ‘क्रिया’ लिहायला क, हलन्त, र, ऱ्हस्व इकार, य आणि काना अशी सहा बटणे लागतात आणि हात एकाआड एक चालतात. वेगात टाइप करताना मागचे बोट उठण्याआधीच पुढचे पडते. दोन बटणे एकदम दाबली गेली तर कोणताच कीबोर्ड गोंधळत नाही. तिसरे, बटणांना जोडणाऱ्या त्याच आडव्या-उभ्या रेषांच्या चौकोनाच्या कोपऱ्यावर आले, की डायोड नसलेल्या संपर्काच्या कीबोर्डमध्ये प्रवाह आडवाटेने वळून चौथे, न दाबलेले बटण दाखवतो. कपॅसिटिव्ह कीबोर्डमध्ये ज्या रेषा वाचल्या जात नसतात त्या स्थिर व्होल्टेजवर बांधून ठेवतात. आडवाटेने निघालेला भार तिथेच जिरतो. म्हणून मॉडेल एफला डायोडशिवायच हवी तितकी बटणे एकदम ओळखता येत असत.

लोणी काळभोरच्या एका वाचकाचा प्रश्न इथे बसतो. टायपिंगच्या क्लासमधल्या कीबोर्डची काही बटणे पावसाळ्यात एकाऐवजी दोन अक्षरे उमटवतात. न टेकणाऱ्या स्विचला हा त्रास होईल का? उत्तरासाठी आधी, मघाशी राखून ठेवलेल्या मधल्या पदार्थाकडे वळू.

लोणी काळभोर म्हटले की सोलापूर रस्त्यालगतचे इंधनाचे डेपो डोळ्यांपुढे येतात, आणि मधल्या पदार्थाने धारिता बदलते हे समजायला इंधनाइतके चांगले उदाहरण नाही. हवेचा डायलेक्ट्रिक स्थिरांक एक, पेट्रोलचा साधारण दोन, पाण्याचा ऐंशी. टाकीत उभ्या दोन समकेंद्री नळ्या सोडल्या तर इंधन जितके वर चढेल तितकी धारिता वाढते; प्रवासी विमानांच्या टाक्यांत इंधन मोजायची ही रूढ पद्धत आहे. इथेनॉलचा स्थिरांक चोवीसच्या आसपास आहे. त्यामुळे उसापासून बनलेले इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले की तोच मापक, नव्याने बेतला नाही तर, पातळी जास्त दाखवेल. याच दोषाचा गुण करून फ्लेक्स-फ्युएल मोटारींतले सेन्सर इंधनातले इथेनॉलचे प्रमाण धारितेवरून काढतात.

कीबोर्डला पावसाळा भेडसावतो तो याच वाटेने, पण फार थोडा. दमट हवेचा स्थिरांक कोरड्या हवेपेक्षा दहा हजारांत काही भागांनीच वेगळा असतो, ०.८९ पिकोफॅरडवर हा बदल दिसतही नाही. त्रास होतो तो सर्किट बोर्डच्या पृष्ठभागावर बसणाऱ्या ओलाव्याच्या थराने, आणि त्यात धूळ किंवा सांडलेल्या चहातली साखर मिसळली तर अधिकच, कारण असा थर भार गळू देतो. त्यावर तोड म्हणजे सर्किटने न दाबलेल्या अवस्थेतला आकडा हळूहळू नव्याने शिकत राहणे. ऋतू सावकाश बदलतो, बोट झटकन येते; दोहोंच्या वेगातला फरक सर्किटला सहज ओळखता येतो.

दोनदा अक्षर उमटणे हा मात्र बहुतेकदा संपर्काचा आजार आहे. टेकणाऱ्या पृष्ठभागावर गंज किंवा मळ बसला की प्रवाह एकदा जुळतो, तुटतो, पुन्हा जुळतो, आणि ही तुटातूट ठरवलेल्या प्रतीक्षेपेक्षा लांबली की दुसरे अक्षर येते. इंग्रजी टायपिंगचा वेग मिनिटाला साठ शब्द आणि शब्द पाच ठोक्यांचा धरला तर सेकंदाला पाच ठोके, म्हणजे दोन ठोक्यांत २०० मिलिसेकंद. प्रतीक्षा पाचावरून पंधरा-वीस मिलिसेकंद केली तरी विद्यार्थ्याला जाणवत नाही. कीबोर्ड प्रोग्राम करता येणारा असेल तर हा आकडा वाढवणे हा पहिला उपाय, स्विच साफ करणे किंवा बदलणे हा दुसरा. कपॅसिटिव्ह स्विचला हा आजार होतच नाही, पण त्याचे रबरही कालांतराने कडक होते, आणि किंमत अशी की एका कीबोर्डच्या पैशात क्लाससाठी साध्या मेम्ब्रेनचे बरेच कीबोर्ड येतात. दिवसभर वेगवेगळ्या हातांखाली जाणाऱ्या यंत्रासाठी स्विच काढून बदलता येणारे साधे एमएक्स जातीचे कीबोर्ड अधिक योग्य ठरतात.