झोमॅटो, पेटीएमचे शेअर एवढे वर-खाली का होतात?

सोयाबीनचे पैसे आले की थोडे शेअरमध्ये टाकणारी पोरं आता गावोगावी आहेत. त्यांचा नेहमीचा प्रश्न असतो : इंटरनेट कंपनीचा शेअर घ्यावा की थांबावं?

पेटीएमचंच बघा. नोव्हेंबर २०२१ मध्ये आयपीओत एक शेअर २,१५० रुपयांना दिला गेला. सहा शेअरचा लॉट, म्हणजे १२,९०० रुपये. १८ नोव्हेंबरला शेअर बाजारात आला आणि त्याच दिवशी १,५६४ वर बंद झाला. एका लॉटमागे साडेतीन हजारांचा फटका!

साखर कारखान्याचं गाळप किती, साखर किती विकली, यावरून हिशेब लागतो. पेटीएम, झोमॅटो बाजारात आल्या तेव्हा दोन्ही तोट्यात होत्या. भाव ठरला तो पुढे नफा होईल या आशेवर. अन् आशेला हमीभाव नसतो.

दुसरी गोष्ट लॉक-इनची. झोमॅटोच्या आयपीओआधीच्या गुंतवणूकदारांना वर्षभर शेअर विकता येत नव्हते. जुलै २०२२ मध्ये मुदत संपली, विक्री सुरू झाली आणि ७६ रुपयांना दिलेला शेअर ४० च्या आसपास आला. पुढे २०२३ मध्ये कंपनीने पहिल्यांदा तिमाही नफा दाखवला. डिसेंबर २०२४ मध्ये भाव ३०० च्या वर गेला. पेटीएम मात्र तोवर २,१५० च्या जवळही फिरकला नव्हता.

लॉक-इनची माहिती आयपीओच्या माहितीपत्रकात असते. टेलिग्रामवर ‘दोन महिन्यांत डबल’ सांगणाऱ्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या वेबसाईटवर तपासता येतो.