‘दुःखी’च्या कपाटात ह्यूगो

परभणी, सेलू किंवा गंगाखेडच्या वाचनालयात व्हिक्टर ह्यूगोची ‘ल मिझराब्ल’ मराठीत आहे का, असे विचारले तर नकार मिळण्याचीच शक्यता जास्त. आणि तरीही साने गुरुजींचे ‘दुःखी’ शेजारच्याच कपाटात असू शकते. ह्यूगोची १८६२ सालची ती कादंबरी गुरुजींनी याच नावाने मराठीत आणली. गाजलेल्या कादंबरीचा जुना अनुवाद सापडला नाही की तो उरलाच नसेल असे आपण धरून चालतो. माझ्या मते पुष्कळदा पुस्तक जागेवर असते, नोंदच अपुरी असते. दाखल रजिस्टर उघडून पाहा: तारीख, दाखल क्रमांक, लेखक, पुस्तकाचे नाव, प्रकाशक, किंमत. लेखकाला रकाना एकच. त्यात ‘साने गुरुजी’ लिहिले की ह्यूगोला जागा उरत नाही. हेमिंग्वेची कोळ्याची कथा ‘एका कोळियाने’ म्हणून पु. ल. देशपांड्यांच्या नावावर चढते, तर ज्यूल व्हर्नचे ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ भा. रा. भागवतांच्या. म्हणून शोधणाऱ्याने आधी अनुवादक कोण ते काढावे, मग कपाटाकडे वळावे.

मराठवाड्यात ही अडचण दुप्पट होते. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. कारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू. पुण्या-मुंबईत छापलेली मराठी पुस्तके तिथल्या जुन्या ग्रंथसंग्रहालयांत जशी साठत गेली, तशी इथे साठणे कठीणच होते. परभणीच्या गणेश वाचनालयासारख्या संस्थांनी वाचनाची परंपरा जपली, पण १९५० च्या आधीचा अनुवाद हवा असेल तर बहुधा जिल्ह्याबाहेर पाहावे लागते. सुरुवात शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’पासून करावी. एका माणसाने १८०० ते १९३७ पर्यंतच्या आणि पुढच्या खंडात १९५० पर्यंतच्या मराठी पुस्तकांची नोंद केली, हे काम पाहून थक्क व्हायला होते. त्यानंतरच्या पुस्तकांना १९५४ च्या कायद्याचा आधार आहे: प्रकाशकाने एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एक मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला द्यायची असते.

यावर कोणी म्हणेल, आता सगळे स्कॅन होऊन मोबाइलवर येते, रजिस्टर कशाला? पण स्कॅन केलेल्या प्रतीलाही नाव त्याच रजिस्टरमधून मिळते; तिथे ह्यूगो नसेल तर मोबाइलवरही तो सापडत नाही. शिवाय सगळेच स्कॅन करून खुले करता येत नाही. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क राहतो आणि अनुवादकाचा हक्क वेगळा मोजला जातो. गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे ‘दुःखी’ २०११ पासून मोकळे आहे. हेमिंग्वे १९६१ साली गेला, त्याचा हक्क भारतात संपला, पु.लं.च्या अनुवादावरचा २०६० अखेरपर्यंत राहील.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जुने अनुवाद बरेचदा संक्षिप्त किंवा रूपांतरित असतात, मग नवा पूर्ण अनुवादच का करू नये? जरूर करावा. पण नवा येईपर्यंत फक्त मराठी वाचणाऱ्याच्या हाती जुनाच असतो, आणि त्या पिढीला परका लेखक कसा भेटला हेही त्यातूनच कळते. धोका आहे तो निर्लेखनाचा. जीर्ण म्हणून बाद करायच्या यादीत पुस्तक ‘साने गुरुजी, कादंबरी’ एवढ्याच ओळखीने जाते. ती कोणाची कादंबरी आहे हे त्या यादीवरून कोणालाच कळत नाही. रजिस्टरमध्ये ‘मूळ लेखक’ हा रकाना आखायला अनुदान लागत नाही.