परफोरिन : मारक पेशीचे राखून ठेवलेले अस्त्र

विषाणूने ग्रासलेली किंवा कर्करोगग्रस्त झालेली पेशी ओळखली की मारक टी-पेशी तिला घट्ट चिकटते आणि आपल्यातील कणिका, म्हणजे पटलाने वेढलेल्या सूक्ष्म पिशव्या, संपर्काच्या जागी आणून दोहोंमधील अरुंद फटीत रित्या करते. त्यांत पेशीपटलाला छिद्र पाडणारे परफोरिन आणि इतर प्रथिने तोडणारी ग्रॅन्झाइम नावाची विकरे असतात. कणिकेतील आम्लतेमुळे निष्क्रिय राहिलेले परफोरिन फटीत येताच कॅल्शियमच्या साहाय्याने समोरच्या पटलाला बिलगते आणि त्याचे वीसेक रेणू कड्यासारखे जुळून पटलात घुसले की दहा नॅनोमीटरहून रुंद छिद्र तयार होते.

पेशी मरते ती या छिद्रातून होणाऱ्या गळतीमुळे, असा समज सहज होतो. परंतु ती आपले पटल थोड्याच वेळात सांधू लागते, आणि तेवढ्या अवधीत आत शिरलेली ग्रॅन्झाइम तिच्याच ठायी सुप्त असलेली कॅस्पेस ही आत्मनाशक विकरे जागी करतात. अशी पेशी फुटून सांडत नाही, तर आक्रसत मरते आणि भक्षक पेशी तिला गिळतात, त्यामुळे शेजारच्या ऊतीची हानी टळते.

रक्तातील पूरक प्रथिनेही जिवाणूंच्या पटलात असेच कडे रचतात. २००७ मध्ये उलगडलेल्या रचनांवरून परफोरिन आणि ही पूरक प्रथिने ज्यात मोडतात त्या प्रथिनकुळाचा छिद्रकारक भाग काही जिवाणूंच्या विषांशी घडणीने जुळतो असे दिसले. आक्रमक आणि रक्षक यांच्या हाती एकाच घडणीचे अस्त्र असावे, ही खरोखर थक्क करणारी गोष्ट आहे.

तितकाच विलक्षण प्रश्न मारणारी पेशी स्वतः कशी वाचते हा आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार तिच्या पटलातील मेदरेणू इतके दाट बसलेले असतात की परफोरिनला तेथे चिकटणे अवघड जाते, आणि जे चिकटते ते पटलावरील ऋणभारित मेदांत अडकून निकामी होते. म्हणूनच ती एका लक्ष्याकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते.

परफोरिनच्या जनुकात जन्मजात दोष असलेल्या बालकांच्या आजारातून या अस्त्राचे मोल स्पष्ट होते. १९९९ मध्ये उघड झालेल्या या कारणमीमांसेनुसार त्यांच्या टी-पेशी लक्ष्याला संपवू शकत नाहीत, त्याला धरून उत्तेजक द्रव्ये स्रवत राहतात आणि त्यातून सततचा ताप, वाढलेली प्लीहा व रक्तपेशींची घट उद्भवते. अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणाविना हा आजार बहुधा प्राणघातक ठरतो. याच अस्त्राचा उपयोग करणारी, मुंबईच्या आयआयटी आणि टाटा स्मारक रुग्णालयाच्या सहकार्यातून साकारलेली नेक्सकार-१९ ही उपचारपद्धती ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता पावली. तीत रुग्णाच्या टी-पेशींना कर्करोगी बी-पेशी ओळखणारा ग्राहक दिला जातो, मारण्याचे काम मात्र मुख्यतः परफोरिन आणि ग्रॅन्झाइमच करतात.